भिमामावशींचा न बघणारा दिवा

“दिवा माझ्याकडं बघत न्हाई, मंग मी त्याच्याकडं कामून बघू?” असं भिमामावशी एकदा म्हणाल्या आणि खाट ओढून दिव्याकडे पाठ करून बसल्या.

दिवा त्यांच्याच अंगणात होता, त्यांच्याच दारावर. समोर कुणी हललं की आपोआप लागायचा, माणूस गेलं की थोड्या वेळाने विझायचा. सत्त्याण्णव साली आमच्या राहुरीच्या वस्तीत असा दिवा कुणी पाहिला नव्हता. मावशींचा मुलगा सम्राट नगरच्या एमआयडीसीत फिटर होता. त्याच्या कंपनीतल्या साहेबांनी सिंगापूरहून असे दोन दिवे आणले. एक कंपनीच्या फाटकावर लागला, दुसरा सम्राटने आईसाठी मागून घेतला.

कारण आई पडली होती. आदल्या दिवाळीनंतर, दिवेलागणीच्या वेळी. संडास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, बटण स्वयंपाकघरात, हातात पाण्याचा तांब्या. मावशींना दिवसा चांगलं दिसायचं. मिट्ट अंधारात तर त्या भिंतीला हात लावत सवयीने चालत. घात व्हायचा तो मधल्या वेळेत, आकाशात उजेड असतो आणि जमिनीवर नसतो तेव्हा. त्या वेळेला जमीन आहे तिथेच असते, पण डोळ्यांना ती थोडी वर किंवा थोडी खाली वाटते. मावशींचा पाय पायरीवरून सुटला. प्लास्टर निघालं, पण चाल कायमची तिरकी झाली.

सम्राट केडगावला राहायचा. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्याने आईला तिकडे न्यायचं ठरवलं. आई म्हणाली, न्हाई. मायलेकांत महिनाभर ताणाताणी झाली आणि मग हा दिवा आला. दिवा दारावर बसवला त्या दिवशी सम्राट सगळ्यांसमोर म्हणाला, “आई, हे शेवटचं. दिवा चालला तर तू हितं राहा, मी एक शब्द बोलनार न्हाई. न्हाई चालला, तर बुद्धपौर्णिमा झाली की टेम्पो घेऊन येतो.”

“ये,” मावशी म्हणाल्या. “पर दिव्यानं मला वळखलं तर रिकामा उलटा जाशील का?”

“जाईन.”

मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायचो, कृषी विद्यापीठाच्या कचेरीत कारकून होतो, म्हणून हे सगळं मला जवळून दिसलं. मावशींबद्दल लिहायचं तर पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिवसभरात आपल्यासाठी ज्यांनी ज्यांनी काही केलं, त्यांचे उपकार त्या रोज संध्याकाळी मोठ्याने मोजत. हे त्यांचं स्वतःचं काहीतरी होतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. “नळवाल्यानं आज वख्तावर पानी सोडलं, त्याचं भलं हो. रतननं कोथिंबीर निवडून दिली, तिचं भलं हो. भाडेकरूनं तोंड वाकडं केलं न्हाई, त्याचंबी हो.” मी नवा होतो, तेव्हा माझ्या झोपेचं काही खरं नव्हतं. दिवस दिवस कुणाशी बोलायचो नाही. एका सकाळी दारात झाकलेला चहाचा कप दिसला. दुसऱ्या दिवशीही. कधी विचारलं नाही की तुला काय झालंय. कुणाचं काय झालंय हे न विचारता त्याला चहा देणं किती अवघड असतं, हे मला पुढे कळलं.

त्या सोनईकडच्या. लग्न होऊन राहुरीला आल्या आणि विद्यापीठाच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर लागल्या. झारीने रोपांना पाणी घालायचं, हे काम त्यांनी तारुण्यभर केलं. नवरा रखमाजी, सम्राट शाळेत असतानाच, तापाने गेला. मावशी उशिरा कायम झाल्या, उशिरा विटांचं घर बांधलं, त्याहून उशिरा साक्षरतेच्या वर्गात बसून वाचायला शिकल्या. वाचायला आलं त्या दिवसापासून त्यांनी एकटीने वाचलं नाही. वर्षावासाचे, पावसाळ्याचे तीन महिने आणि नंतरही जमेल तसं, वस्तीतल्या बायका संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसत आणि मावशी धम्माच्या ग्रंथातल्या ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचत. शेजारच्या रतनबाईंना अक्षर ओळखीचं नव्हतं. त्या अधूनमधून म्हणायच्या, “मागचं परत वाच गं, मला लई आवडलं.” मावशी परत वाचायच्या.

केडगावला न्यायचं म्हणजे हे सगळं संपणार होतं. सम्राटला ते ठाऊक होतं. पण त्याने आईला पायरीखाली पडलेलं पाहिलं होतं.

दिवा बसवला अझीमने. अझीमचं स्टँडजवळ दुकान होतं. रेडिओ, टीव्ही, मोटारी, मिक्सर, जे बिघडेल ते. त्याचे वडील जैनुद्दीन मावशींबरोबर रोपवाटिकेत माळी होते, म्हणून तो त्यांना मावशीच म्हणायचा. दारात आला की तो “जयभीम, मावशी” म्हणायचा आणि त्या “सलाम रे बाबा” म्हणायच्या. दोघांनाही यात गंमत वाटायची.

दिवा म्हणजे एक चौकोनी झोताचा बल्ब आणि त्याच्याखाली लिंबाएवढा पांढरा फुगीर डोळा. डोळ्याच्या पोटाला तीन बारीक स्क्रू. एकाने अंधार किती झाला की लागायचं ते ठरायचं, दुसऱ्याने किती वेळ लागून राहायचं ते, तिसऱ्याने किती लांबचं बघायचं ते. थंडीत दिवा झकास चालला. मांजर गेलं की लागायचा, शेळी गेली की लागायचा, शेवग्याची फांदी हलली तरी लागायचा. बायका मुद्दाम संध्याकाळी येऊन त्याच्यासमोर पदर हलवून जात. रतनबाईंनी एकदा फुगडीचा फेर धरला आणि दिवा लागताच म्हणाल्या, “माझ्या नवऱ्यानं जल्मात एवढं बघितलं न्हाई माझ्याकडं!”

अझीमने शेवग्याची फांदी बांधून घेतली, स्क्रू थोडे मागेपुढे केले आणि आम्ही समजलो की झालं.

मार्चच्या शेवटाला दिवा बिघडला. विचित्र बिघाड. पहाटे मावशी उठल्या की लागायचा. जेवणं झाल्यावर, हवा जरा निवाली की लागायचा. नेमका दिवेलागणीला नाही. मावशी तांब्या घेऊन पायरीवर उभ्या राहत, हात हलवत, पुढे जात, मागे येत. वरचा पांढरा डोळा ढिम्म.

अझीम आला. शिडीवर चढला.

“मावशी, ह्याला वाटतंय अजून दिवस हाय. अंधाराचा स्क्रू फिरवतो.”

फिरवला. दुसऱ्या संध्याकाळी नाही लागला.

“मावशी, व्होल्टेज पडत आसंल. ह्या टायमाला मळ्यातल्या समद्या मोटारी चालू असत्यात.”

त्याने बल्ब सरळ तारेवर लावून पाहिला. बल्ब लख्ख लागला. म्हणजे बल्बाचं काही नव्हतं, डोळ्याचंच होतं.

“धूळ बसली आसंल. फडकं द्या एक. वलं करून द्या.”

ओल्या फडक्याने डोळा पुसता पुसताच दिवा लागला. अझीम शिडीवरून ओरडला, “बघा! मोतीबिंदू काढला!” मावशींनी त्याला गुळाचा खडा दिला आणि संध्याकाळी त्याचं भलं मागितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः स्टुलावर उभं राहायचं सोडून बाकी सगळं केलं, पण दिवा काही लागला नाही. मग डोळा रोज पुसला जाऊ लागला. कोरड्या फडक्याने, कारण अझीमला वाटलं, ओल्याने आत पाणी जाईल.

एका रविवारी सम्राट आला. बरोबर त्याची बायको जयमाला. संध्याकाळी सम्राट अंगणात चालला, अगदी दिव्याच्या खालून, धपाधप पाय आपटत, आणि दिवा एकदा लागला. मावशी चालल्या. नाही लागला.

“तुला बघतोय, मला न्हाई,” मावशी म्हणाल्या.

“आई, मशीनला माणसं कळत न्हाईत.”

“कळत न्हाईत तर तू कसा कळला?”

मावशी पायरीवर बसल्या. स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “लहानपनी सोनईला लोकांना आमी लई लांबून दिसायचो. लांबूनच बघायचे अन् रस्ता सोडायचे. आता ह्यो एक निघाला. पार त्याच्या नाकाखाली जाऊन हुबी राहिले तरी दिसत न्हाई.”

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. हसल्यासुद्धा. पण त्यानंतर त्यांनी खाट ओढून पाठ केली आणि सुरुवातीला लिहिलं ते वाक्य म्हणाल्या.

जयमालाने परत निघताना नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, “अहो, नवा बसवू दुसरा. आत्याबाई तिकडं सुकून जातील.”

“दुसरा कुठून आणू? दुकानात मिळतोय का? अन् आई पडली परत, तर तुला उचलायला यावं लागंल, का मला?”

“मला,” जयमाला म्हणाली. “मी येईन.”

पण सम्राट तयार झाला नाही. भीती माणसाला किती काटेकोर करते. तो चांगला मुलगा होता. म्हणूनच ऐकत नव्हता.

वैशाख आला. विद्यापीठाच्या शेतावरून गरम वारा यायचा आणि आमच्या भिंती संध्याकाळीही हाताला तापलेल्याच लागायच्या. मावशींनी ग्रंथ फडक्यात बांधला. रतनबाईंना म्हणाल्या, “तुझ्या सुनंला येतंय वाचता. तिच्याकडनं वाचून घे.”

“ती भराभर वाचती,” रतनबाई म्हणाल्या. “रेल्वेवानी. मला कुठं उतरायचं ते कळत न्हाई.”

“मंग मी केडगावला कुनाला वाचून दाखवू? भितीला?”

“त्यापरीस त्या बल्बाला दाखव. त्येला न्हाई दिसत, ऐकू तर येत आसंल.”

दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. पदर बराच वेळ खाली आला नाही.

बुद्धपौर्णिमेला सम्राट आणि जयमाला सकाळीच आले. संध्याकाळी अंगणात वंदना आणि मग खीर. टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. उन्हं कलल्यावर जयमाला सतरंज्या टाकायला बाहेर आली आणि चटका बसून एका पायावर नाचली. अंगणाचा कोबा तव्यासारखा तापला होता. हा कोबा सम्राटनेच दिवाळीच्या आधी करून घेतला होता, आईला चिखल लागू नये म्हणून. त्याच्या आधी अंगण मातीचं होतं आणि मावशी रोज दोन्ही वेळेला सडा टाकायच्या. कोबा झाला तसा सडा बंद. सिमेंटवर कोण सडा टाकतं? फरशीला, कोब्याला सडा नसतो, हे आमच्याकडे न सांगता सगळ्यांना ठरल्यासारखं कळतं. पक्कं घर झाल्याची ती खूणच. झाडायचं, फार तर पुसायचं.

“आत्याबाई, ह्याच्यावर बायका बसनार कशा?”

मावशी बाजेवरून उठल्या. “बादल्या आन. रतन, तू बी ये. पानी मारा. समोरच्या भितीवरबी मारा, भित लई फेकती आग.”

तिघींनी पाणी मारलं. मावशींनी पायरीवर बसून तांब्याने, बाकी दोघींनी बादलीने. कोब्यातून वाफ निघाली. भिंतीचा रंग गडद झाला. मग हळूहळू अंगणात एक गारवा उतरला, इतका साधा की त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. दिवेलागणीला जयमाला रिकामी बादली घेऊन घराकडे वळली.

दिवा लागला.

ती थबकली. रतनबाई “आगं बया” म्हणून मागे सरल्या. दिवा विझला. त्या पुढे आल्या. लागला. भिंतीखालून मांजर गेलं, लागला. सम्राट आतून बाहेर आला, लागला. मावशी मात्र जिथे होत्या तिथेच बसून राहिल्या. त्यांची वर बघायची तयारी नव्हती.

अझीम खिरीसाठी आला, तेव्हा सगळ्या बायका एकदम त्याच्यावर तुटून पडल्या. त्याने सगळं ऐकलं. ओल्या भिंतीवर तळहात ठेवला. मग घराच्या कोपऱ्यावरून वळून, पाणी न मारलेल्या भिंतीवर ठेवला. मग स्वतःच्या गालाला लावला. पुन्हा भिंतीला.

“मावशी,” तो म्हणाला, “मी येडा हाय.”

“ते हाय. पुढं बोल.”

“ह्याला माणूस दिसत न्हाई. माणसाची ऊब दिसती. थंडीत समोरची भित गार, माणूस गरम, मंग लगेच वळखतो. आता भित माणसाइतकीच तापली. तुमी अन् भित, दोन्ही सारखंच. तुमी त्याच्यापुढनं गेला तरी त्याला वाटतं भितच हाय. पहाटं भित निवती, तवा वळखतो. अन् त्या दिवशी माझ्या वल्या फडक्यानं लागला तो धुळीमुळं न्हाई. फडकं गार हुतं म्हनून.”

“अन् सम्राटला कसं वळखलं?”

“अंघोळ करून आल्ता का रं तू त्या रविवारी?”

सम्राटने आठवून मान डोलावली. जयमाला तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

मी त्या रात्री यावर पुष्कळ विचार केला. एखादी गोष्ट दिसावी म्हणून तिच्यावर उजेड पाडायचा, एवढंच मला माहीत होतं. तिच्यामागचं गार करायचं, हे मला कधी सुचलं नव्हतं. माझ्यामागेही या बाईने कितीदा असं पाणी मारलं असेल, आणि मी मात्र समजत राहिलो की लोकांना मी आपोआप दिसू लागलो.

सम्राटचं मन मात्र पुरतं वळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. टेम्पोवाला कानिफनाथ दारात बिडी ओढत बसला. मावशींची पेटी, गादी आणि गाठोडं अंगणात आलं.

“एक दिवस लागला म्हनून काय झालं?” सम्राट म्हणत होता. “रोज कोन पानी मारनार? नळाला एक दिवसाआड पानी. ह्या पायानं आई बादल्या उचलनार का?”

“मी मारीन,” रतनबाई म्हणाल्या. “भांड्याचं पानी काय मी गटारीलाच टाकते. त्यापरीस भितीवर टाकीन.”

“तुमी आजारी पडल्यावर?”

“मंग माझी ती रेल्वे मारंल.”

“माझं अंघोळीचं पाणी,” मी म्हणालो. मला वाटतं, त्या घरात कुणी विचारल्याशिवाय मी बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

अझीम शिडी घेऊन आला होता. “सम्राटभाऊ, पावसाळा आला की भित आपसुक निवंल. प्रश्न आखाडापतुरचा हाय. अन् पुढच्या उन्हाळ्याच्या आधी मी ह्याचं तोंड शेवग्याकडं फिरवून देतो, तिकडं मातीच हाय.”

सम्राट पेटीवर बसला. त्याचा चेहरा रात्रपाळीवरून आलेल्या माणसासारखा होता. “बघू,” तो म्हणाला. “दिवेलागणी होऊ द्या. आज कुणी बुचकळून आलेलं चालनार न्हाई. कालचा सन हुता, गर्दी हुती. आज आई एकटी जाईल. तिला दिसला पाहिजे दिवा, अन् दिव्याला ती.”

ऊन उतरलं. रतनबाईंनी भांड्यांचं पाणी भिंतीवर मारलं, जयमालाने धुण्याचं कोब्यावर, मी माझी बादली रिती केली. कानिफनाथ म्हणाला, “माझ्या टेम्पोवरबी मारा थोडं,” पण कुणी हसलं नाही. मग सगळेजण आत येऊन बसलो, दाराच्या आत, अंधार पडताना. सगळ्यांचं लक्ष बाहेर होतं आणि कुणीच बाहेर बघत नव्हतं. आकाश अजून उजळ होतं. जमीन काळी झाली होती. तीच वेळ.

“आई,” सम्राट म्हणाला. त्याचा आवाज फिटरचा नव्हता, शाळेतल्या पोराचा होता. “हात धरू का?”

भिमामावशी उठल्या. कोपऱ्यातला तांब्या घेतला, बादलीतून भरला. सम्राटचा पुढे आलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला, एकदा दाबला आणि त्याच्या मांडीवर परत ठेवला. उंबऱ्यात क्षणभर थांबल्या. तिरका पाय आधी टाकला.

दारावर लख्ख उजेड पडला. पायरी दिसली, पायरीची कड दिसली, ओला कोबा दिसला, आणि त्याच्यावरून पलीकडे जाणारी त्यांची लांब सावली. सम्राटने तोंडावर दोन्ही हात घेतले आणि मग हातांआडूनच कानिफनाथला म्हणाला, “पेटी आत घे.”

भिमामावशींनी वर पाहिलं नाही आणि मागेही पाहिलं नाही. पाणी सांडू न देता त्या अंगण ओलांडून गेल्या.